चार चांगले टायर की अलॉयसकट स्वस्त पॅकेज? (ठाणे–नवी मुंबई)

पारसिक_टेकडी
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट, लोखंडी रिम, टायर १६५/८० आर१४ ८५टी. चारही टायर गोट्याकडे निघालेत, खाचांची जेमतेम २ मिमी खोली उरली आहे. रोजचा रस्ता कळवा–विटावा–ऐरोली–महापे, आणि महिन्यातून एकदा आमण्याहून समृद्धीने शिर्डी.

हातात दोन कोटेशन आहेत आणि दोन्हींची रक्कम जवळपास सारखी.

अ) आहे त्याच मापाचे, नावाजलेल्या कंपनीचे चार टायर. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून. रिम जुन्याच.

ब) १६ इंची अलॉय (मिश्रधातूची रिम), ७जे (रुंदी ७ इंच), ईटी ३५, आठ भोकांची. त्यावर १९५/५० आर१६ टायर, कंपनीचं नाव पूर्वी ऐकलेलं नाही.

दुकानदाराचं म्हणणं, "ताई, टायर सगळे सारखेच, लुक बघा." घरात मतं अर्धी-अर्धी आहेत. आकड्यांनिशी सांगाल का?

चौथा_गिअर
अ. डोळे मिटून.

नटबोल्ट_तुर्भे
डोळे उघडे ठेवूनही अ च, पण ताईंनी आकडे मागितलेत, तर आकडे घ्या.

टायरचा व्यास काढायची रीत: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलच्या उंचीची दुप्पट.
१६५/८० आर१४ : साइडवॉल १३२ मिमी (१६५ चे ८० टक्के), व्यास ६१९.६ मिमी.
१९५/५० आर१६ : साइडवॉल ९७.५ मिमी, व्यास ६०१.४ मिमी.

म्हणजे व्यास सुमारे २.९ टक्के घटला. गाडी ९ मिमी खाली बसली. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९७ च्या आसपास, आणि किलोमीटरही फुगवून मोजले जातील. हे सगळं एकवेळ चालेल. न चालणारी गोष्ट म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जे सव्वातेरा सेंटिमीटर रबर होतं ते पावणेदहावर येणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती साडेतीन सेंटिमीटर फार महाग पडतात.

दुसरं, लोड इंडेक्स. तुमच्या टायरवर ८५ आहे, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. साध्या १९५/५० आर१६ वर बहुधा ८४ येतो, म्हणजे ५०० किलो. टायर दिसायला रुंद झाला आणि भार पेलायची ताकद कमी झाली. कंपनीने ठरवलेल्या इंडेक्सच्या खाली कधीच जाऊ नये.

घोडबंदरी
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. ईटीबद्दल थोडं जोडतो, कारण दुकानात त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (रिम ज्यावर आवळतात तो गाडीचा भाग) टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे, तो आकडा. जितका मोठा तितकं चाक आत. मूळ रिम ५.५जे आणि ईटी ४५ अशी धरून हिशेब करू (तुमच्या रिमच्या मागच्या बाजूला ठोकलेला खरा आकडा बघून घ्या). ती हबपासून बाहेर साधारण २५ मिमी येते. ७जे ईटी ३५ ची रिम ५४ मिमी येते. म्हणजे प्रत्येक बाजूला चाक जवळजवळ ३ सेंटिमीटर बाहेर, शिवाय आतल्या अंगाला ९ मिमी स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या दांड्याच्या) जवळ.

परिणाम: व्हील बेअरिंगवर तिरपा भार येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, मागे तीन माणसं बसली की फेंडरची कड टायर कापते, आणि चिखल थेट दारावर. चाक गाडीच्या अंगाबाहेर आलं तर आरटीओच्या तपासणीत अडकायची शक्यता वेगळीच.

मासुंदा
थोडी वेगळी बाजू मांडतो. अलॉय म्हटली की सगळे तुटून पडतात, पण वाईट आहे ती चुकीच्या मापाची आणि कच्च्या ओतकामाची अलॉय. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १५ इंची अलॉयवर १८५/६५ आर१५ देते. व्यास ६२१.५, म्हणजे मूळ मापापासून फरक फक्त ०.३ टक्के. साइडवॉल १२० मिमी. लोड इंडेक्स ८८, म्हणजे ५६० किलो. पकड सुधारते, ब्रेकिंग सुधारतं, आणि स्पीडोमीटर जागच्या जागी. हौस असेल तर तिसरा पर्याय हा.

पारसिक_टेकडी
मासुंदा दादा, हा पर्याय दुकानदाराने सांगितलाच नाही! मग अलॉय चांगली की कच्ची हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

मासुंदा
रिम पालथी घालून मागची बाजू बघा. पुढची बाजू रंगाची, मागची बाजू कामाची.

मागे किंवा आऱ्यांच्या आतल्या अंगाला ही माहिती ओतकामातच उठलेली हवी: माप (१५x५.५जे वगैरे), ईटी, कमाल भार किलोमध्ये, बनवणाऱ्याची खूण, बनल्याचा महिना-वर्ष. जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का बनवणारा स्वतः चाचणी करून लावतो. त्याच्या जोडीला व्हीआयए असेल तर त्रयस्थाकडे नोंद झालेली असते. स्टिकरवर छापलेल्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

कमाल भार पडताळायची रीत: गाडीच्या जास्त भार येणाऱ्या ॲक्सलचं कमाल वजन भागिले दोन. रिमचा आकडा त्याहून मोठा हवा. रिमवर आकडाच नसेल तर ती तिथेच ठेवायची.

मग कोरी रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर टायर न चढवता फिरवायला लावा. कड डोलताना डोळ्यांना दिसली तर नापास. नंतर वजन. सामान मोजायचा लटकता काटा घेऊन जा, चारही रिम मोजा. चारांत लक्षणीय तफावत असेल तर ओतकाम धड नाही.

रबरी_माणूस
आणि वेल्डिंग! जुनी, तडा गेलेली रिम भरून, घासून, वरून काळा रंग मारून नवी म्हणून खपवतात. अलॉयला ओतल्यानंतर उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या किंवा गॅसवर तापवून सरळ करण्याच्या आचेने त्या भागाची ताकद निघून जाते. तडा पुन्हा जातो, बहुतेक आधीच्या तड्याच्या शेजारीच. आतल्या कडेवरून बोट फिरवा. रंगाखाली उंचवटा किंवा घासल्याच्या रेघा लागल्या तर समजून जा.

लोखंडी रिमचा मोठेपणा इथेच आहे. ती वाकते, पण ठोकून सरळ होते. वर्षातले चार महिने खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीला लोखंडी रिम असणं यात कमीपणा काहीच नाही.

कोपरी_पूल
आठ भोकांच्या रिमबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आठ भोकं म्हणजे एकाच रिमवर दोन पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), ४x१०० म्हणजे १०० मिमीवर चार भोकं, आणि बरोबर दुसरी कुठलीतरी, म्हणजे दुकानदाराला एकच माल दोन प्रकारच्या गाड्यांना विकता येतो. स्विफ्टची पीसीडी ४x१००, मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या सर्वसाधारण रिमचं मधलं भोक ६७.१ किंवा ७३.१ असतं, म्हणजे हबभोवती मोकळी जागा राहते. तिथे हब रिंग लागतेच: बाहेरचा व्यास रिमच्या भोकाचा, आतला ५४.१. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरणार.

नटबोल्ट_तुर्भे
"लागतेच" याला माझी हरकत आहे. गाडीचा भार रिंग घेत नाही. नटांनी आवळल्यामुळे रिम आणि हबमध्ये जे घर्षण तयार होतं ते भार घेतं. शंकूच्या बुडाचे नट रिमला मध्यावरही आणतात, पण अट अशी की चाक हवेत असताना, आडव्या-उभ्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले पाहिजेत. गाडी खाली टेकवून एकच नट गनने (हवेवर चालणाऱ्या पान्याने) कचकचून आवळला की रिम एका बाजूला सरकून बसते आणि मग थरथर सुरू होते. रिंग नसण्याचा दोष असतो त्याहून जास्त वेळा आवळण्याच्या पद्धतीचा दोष असतो.

कोपरी_पूल
मान्य. पण नटबोल्ट दादा, आडवा-उभा क्रम पाळणारा माणूस प्रत्येक दुकानात मिळेल याची खात्री कोण देणार? रिंग किरकोळ किमतीत येते. घालावी.

नटबोल्ट_तुर्भे
हो, घालावी. यावर भांडण नाही.

मात्र नटांचं खरं संकट दुसरं आहे. मारुतीचे स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट बसायचे बोल्ट) एम१२, म्हणजे १२ मिमी जाड, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे एम१२, पिच १.५. अलॉयबरोबर येणाऱ्या पुड्यातले नट बऱ्याचदा १.५ चे असतात. दोन आटे हाताने जातात, मग अडकतात, आणि पोरगा गन लावून दामटतो. स्टडचे आटे गेले. तेव्हा जाणवतही नाही, पुढच्या पंक्चरला नट निघत नाही किंवा स्टडच तुटून हातात येतो.

म्हणून नियम: प्रत्येक नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, किमान ८-९ फेरे. मग पाना. शेवट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. बऱ्याचशा छोट्या गाड्यांना तो १०० न्यूटन-मीटरच्या आगेमागे असतो. ५० ते १०० किमी चालवून पुन्हा तपासायचा, कारण नव्या अलॉयवरचा रंग दबून नट सैल पडतात. नटाच्या बुडाचा आकारही बघा. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलसर, बाजारातल्या अलॉयला शंकू लागतो. ते एकमेकांत वापरायचे नाहीत.

पामबीच_पहाट
चर्चा रिमभोवतीच घुटमळतेय. लग्नात सगळा पैसा बँडवर आणि पंगतीत नुसतं वरणाचं पाणी, असं व्हायला नको. रस्त्याला टेकतं ते रबर. त्या न ऐकलेल्या टायरवर काय काय बघायचं ते आधी सांगूया.

१. आयएसआय खूण. मोटारगाड्यांच्या टायरसाठी मानक आयएस १५६३३. ही खूण सक्तीची आहे. साइडवॉलवर नसेल तर विषय संपला.
२. तारीख. डॉट अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार अंक. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. तारीख बहुतेक एकाच बाजूला असते. बसवल्यावर ती आत गेली तर दिसत नाही, म्हणून चढवण्याआधी बघायची.
३. "इम्पोर्टेड आहे" म्हणाले तर तारीख दोनदा बघा. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. स्वस्तातला अनोळखी परदेशी टायर कधी आणि कोणत्या वाटेने आला हा प्रश्न विचारायलाच हवा.
४. बिलावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्या नंबरावर मिळते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल मागितल्यावर "बिनबिलाचं स्वस्त पडेल" असं ऐकू आलं तर त्या दुकानातून बाहेर पडा.

चौथा_गिअर
किती जुना टायर घ्यावा? सहा महिन्यांच्या वर घेऊच नये ना?

रबरी_माणूस
इतकं ताणायची गरज नाही. सावलीत, उभा रचून ठेवलेला वर्षभराचा टायर उत्तम चालतो. उन्हात, फुटपाथवर आडव्या ढिगात तळाशी पडलेला सहा महिन्यांचा त्याहून वाईट. दोन वर्षांच्या पुढचा मात्र नव्याच्या भावाने घेऊ नये.

सेकंडहँडबद्दलही इथेच सांगतो. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने खोल कापून "८० टक्के माल" म्हणून विकतात. ओळखायची खूण: खाचांच्या तळाशी ठरावीक अंतराने १.६ मिमी उंचीचे आडवे दांडे असतात, झीज दाखवणारे. कापलेल्या टायरमध्ये हे दांडे गायब असतात किंवा मधोमध चिरलेले असतात. आतल्या तारांवर रबराचा पातळ पापुद्रा उरलेला असतो. खड्ड्यात तिथूनच फुटतो. ओल्या फडक्याने पॉलिश पुसून साइडवॉलवरच्या बारीक चिराही बघा, आणि आत हात घालून साइडवॉलच्या आतून पॅच चिकटवलाय का तेही चाचपा. साइडवॉलचं पंक्चर दुरुस्त होत नाही, फुगा आलेला टायरही दुरुस्त होत नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत.

पामबीच_पहाट
आता पावसाबद्दल. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा सायन-पनवेलवर पावसात पाणी साचलं की टायर किती पाणी बाहेर फेकतो यावर सगळं असतं. कायद्याची किमान खोली १.६ मिमी, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी ढासळू लागते. ३ मिमी राहिली की पावसाळ्याआधी बदला. ताई, तुमचे २ मिमी आहेत. रिमचा निर्णय लांबवा, टायरचा नको.

पाण्यावर टायर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या चाकांवरून निघालेलं एक जुनं सूत्र आहे. खोल पाण्यात, खाचा पाणी फेकू शकत नसताना, ३० पीएसआयला तो वेग ताशी ९० किमीच्या आसपास येतो, २२ पीएसआयला ७८. अंदाजापुरतं धरा, पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी, तर घसरण लवकर.

आणि खूप टिकणारा टायर हवा असा हट्ट धरू नका. कडक रबर जास्त किलोमीटर देतं आणि ओल्यात उशिरा थांबतं. २०२२ च्या नियमबदलाने एआयएस-१४२ या भारतीय वाहन-मानकाप्रमाणे ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंगचा अवरोध आणि आवाज यांच्या चाचण्या आणल्या. दुकानदाराला त्याबद्दल विचारा. उत्तर येतं का यावरूनच बरंच कळतं.

नेरूळ_सेक्टर
समृद्धीसाठी वेगळं काही? नायट्रोजन भरून घ्यावा का?

घोडबंदरी
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलात तर तोटा नाही, पण दाब तपासायला तो पर्याय नाही.

समृद्धीवर काँक्रीट आणि तासन्‌तास एकच वेग. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, तापते, आणि शेवटी आतले पट्टे सुटतात. म्हणून निघायच्या आधी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा. पूर्ण माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा जास्त भाराचा आकडा. वाटेत तपासली तर ४-५ पीएसआय वाढलेली दिसेल. ती कमी करू नका! गरम टायरची हवा सोडली की थंड झाल्यावर तो उपाशीच राहतो.

नेरूळ_सेक्टर
धन्यवाद. ताईंना बजेट ताणायचं नसेल तर आत्ता दोनच नवे घेऊन पुढे लावले तर? इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढची.

नटबोल्ट_तुर्भे
दोन घेतले तर मागे लावा. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचे घसरले तर गाडी गरगर फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

चौथा_गिअर
याच्याशी असहमत. पुढचे टायर लवकर झिजतात, ब्रेकिंगही पुढेच जास्त. गोटा टायर पुढे ठेवले तर थांबणार कसे?

नटबोल्ट_तुर्भे
गोटा टायर कुठेच ठेवायचे नाहीत, हा मूळ मुद्दा. पुढे राहणारे ३ मिमीच्या वरचे हवेत. ताईंचे चारही २ मिमीवर आहेत, त्यामुळे इथे दोनचा प्रश्नच उद्भवत नाही. यापुढे दर ८-१० हजार किमीला टायरांच्या जागा बदलत राहा, म्हणजे चारही एकाच वेळी संपतील.

मासुंदा
विम्याचं राहिलं. अलॉय नंतर बसवली तर विमा कंपनीला कळवून ॲक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे मिळतात, तेही निम्मे.

पारसिक_टेकडी
सगळ्यांचे मनापासून आभार. ब पर्याय आमच्या घरात आज एकमताने बाद झाला. आता अ आणि मासुंदा दादांचा १५ इंची पर्याय, या दोघांतच विचार चाललाय. १५ इंची घेतला तर स्टेपनी १४ चीच राहील. चालेल का?

रबरी_माणूस
चालेल. व्यासात दोन मिमीचाही फरक नाही. पण नीट वाचा: अलॉयचे नट लोखंडी स्टेपनीला बसतीलच असं नाही, म्हणून जुन्या रिमचे चार नट पुडीत बांधून स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवा. आणि स्टेपनीची तारीख बघा. न झिजलेली असली तरी ती गाडीइतकीच जुनी आहे. समृद्धीवर निघण्याआधी तिच्या साइडवॉलला चिरा आहेत का बघून घ्या. चिरा असतील तर आहे त्याच मापाचा पाचवा टायर लागेल.

कोपरी_पूल
बसवताना दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी: नवे व्हॉल्व्ह (जुने पुन्हा घालू देऊ नका), रिमची कड तारेच्या ब्रशने साफ, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ, "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर, बाण असेल तर पुढच्या दिशेने. अलॉयला चिकटवायची वजनं आतल्या बाजूला, जागा स्पिरिटने पुसून, नाहीतर पहिल्या पावसात गळून पडतात. सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मागे माणसं बसवून एक चक्कर. घासल्याचा आवाज आला तर पैसे द्यायच्या आधी.

पारसिक_टेकडी
ठरलं. १४ इंची लोखंडी रिम ठेवतेय, चार टायर १६५/८० आर१४ घेतेय, कारण रिममधून वाचलेल्या पैशांत पाचवा टायरही बसतोय. स्टेपनीची तारीख आत्ताच खाली जाऊन बघितली: ११९. म्हणजे काय? तीनच अंक दिसताहेत, पहिला घासला गेलाय.

रबरी_माणूस
ताई, शेवटचे दोन अंक वर्षाचे, म्हणजे २०१९. आधीचा १ आठवड्याचा दुसरा अंक, मग ०१, ११, २१, ३१, ४१ किंवा ५१ वा आठवडा. कोणताही असला तरी पाचवा टायर घ्या.